आदर कोणाच्या वयाचा?

लखनौच्या आलमबाग मेट्रो स्थानकाखाली सकाळपासून ई-रिक्षांची रांग लागते. संशोधनासाठी मी याच भागात राहते, त्यामुळे तिथलं बोलणं आता कानाला सवयीचं झालं आहे. वीस-एकवीस वर्षांचा एखादा मुलगा साठी उलटलेल्या चालकाला विचारतो, 'चचा, चारबाग चलोगे?' तोच मुलगा शेजारच्या मोबाइलच्या दुकानात शिरतो, तेव्हा आपल्याच वयाच्या दुकानदाराशी 'आप'मध्ये बोलतो. हिंदीत 'तुम' ही काही शिवी नव्हे, घराघरांत तो प्रेमानेही वापरला जातो. पण भाडं पाच रुपयांनी जास्त सांगितलं की त्याच 'चचा'चा 'तू' होतो. 'पहले आप'साठी नावाजलेल्या शहरात हे घडतं, आणि कोणालाही त्यात बेअदबी दिसत नाही.

त्या चालकाची जात मला ठाऊक नाही. त्या मुलालाही नसते. त्याने काम पाहिलं, कपडे पाहिले आणि कोणतं सर्वनाम चालेल ते ठरवलं. माणसाचं वय त्याला दिसलं होतं, म्हणून तर तो 'चचा' म्हणाला. पण दिसलेलं वय त्याने हिशेबात धरलं नाही.

हे उत्तर प्रदेशचं वैशिष्ट्य आहे असं समजून आपण निवांत बसू नये. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वसतिगृहात, दवाखान्यात, कार्यालयात जा. झाडणारी बाई 'मावशी' असते आणि शिपाई 'मामा'. नातं जोडलेलं असतं, पण 'ए मावशी, इथे पुसलं नाहीस' हे वाक्यही त्याच तोंडून येतं. त्याच कार्यालयात तिच्याच वयाच्या वरिष्ठ बाईंना कोणी मावशी म्हणत नाही, त्या 'मॅडम' असतात. म्हणजे ही 'मावशी' वयाची नाही, कामाची आहे. आणि कोणतं काम कोणाच्या वाट्याला आलं हे या देशात कसं ठरलं, ते या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. आपल्यापैकी अनेकांची आई कोणाची तरी अशी 'मावशी' आहे.

'मोठ्यांचा मान राखावा' हा संस्कार सगळ्यांसाठी सारखा आहे, असं आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं. प्रत्यक्षात या नियमाला आधीपासूनच अटी आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात त्या आडपडदा न ठेवता दिल्या आहेत. दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांचं नातं बाप-लेकाचं समजावं, आणि त्यात बाप ब्राह्मण, असं १३५ वा श्लोक सांगतो. १३७ व्या श्लोकात शूद्रालाही वयाचा मान मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी त्याने आयुष्याच्या दहाव्या दशकात पोचायला हवं, म्हणजे नव्वदी ओलांडायला हवी. ज्यांना वर्णातही धरलं नाही, त्यांचा इथे विचारच नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. तो जाळण्यामागे जी कारणं होती, त्यांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पांढऱ्या केसांचा हिशेबही होता, असं मी मानते.

गावगाड्यात हा नियम रोजच्या बोलण्यात होता. पाटलाचं पोर म्हाताऱ्या महाराला एकेरीत हाक मारी आणि म्हातारा 'जोहार मायबाप' म्हणून वाके. जोहार खालून वर जाई, वरून खाली कधी येत नसे. म्हणूनच 'जय भीम'चं महत्त्व केवळ घोषणेपुरतं नाही. कामठीच्या बाबू हरदास यांना ज्याचं श्रेय दिलं जातं, ते हे अभिवादन दोन्ही बाजूंनी सारखंच आहे. आजी नातीला जय भीम म्हणते, नात आजीला जय भीम म्हणते. कोणालाही वाकावं लागत नाही आणि कोणाचं वयही कमी होत नाही.

मग अनादर ओळखायचा कसा? नुसत्या शब्दावरून तो ओळखता येत नाही. मराठीत आपण आईला 'तू' म्हणतो, देवाला 'तू' म्हणतो, भीमगीतांत बाबासाहेबांनाही 'तू' म्हणून साद घालतो. माझी कसोटी साधी आहे. ज्या भाषेत तुम्ही समोरच्याशी बोलता, त्याच भाषेत त्याने उत्तर दिलं तर तुम्हाला चालेल का? ज्या 'तू'ला उलट 'तू' चालतो, तो जवळिकीचा. ज्याला उलट 'तू' आला की हात उगारला जातो, तो जातीचा.

इथपर्यंत लिहिणं मला सोपं गेलं, कारण बोट दुसऱ्याकडे होतं.

माझे बाबा मराठवाड्यातल्या एका बाजार समितीत हमाल आहेत. अडत्याचा विशीतला मुलगा त्यांना एकेरी नावाने हाक मारतो, बाबा त्याला 'शेठ, तुम्ही' म्हणतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालासाठी मंडळ दिलं, भविष्य निर्वाह निधीची सोय दिली. हाक बदलणं कायद्याच्या हातात नव्हतं.

मागच्या महिन्यात बाबांनी फोनवर विचारलं, 'तुझं ते लिहिणं कधी संपणार? त्याचं पुढे काय करणार?' त्या दिवशी एक प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आलं होतं. मी म्हणाले, 'तुम्हाला नाही कळायचं ते.' क्षणभर शांतता होती. मग बाबा म्हणाले, 'बरं, तुम्ही म्हणाल तसं.'

जन्मापासून मला 'तू' म्हणणारा माणूस 'तुम्ही'वर आला होता. तो 'तुम्ही' मी ओळखला. तो ते अडत्याच्या मुलाशी बोलताना वापरतात.

मी एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता. 'तुम्हाला' म्हणाले होते, 'तुला' नव्हे. व्याकरणाच्या दृष्टीने आदर पूर्ण होता. पण 'तुम्हाला नाही कळायचं' हे वाक्य त्यांनी आयुष्यभर कचेऱ्यांमध्ये, बँकेत, शाळेच्या दारात ऐकलं आहे. आता ते घरातून आलं, त्यांच्याच पैशाने शिकलेल्या पोरीकडून. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर हे अनेक प्रकारे करतो. चारचौघांत आईचा उच्चार सुधारतो, पदवीदानाला वडिलांनी काय बोलू नये ते आधी बजावतो. आणि त्याला आपण प्रगती म्हणतो.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा लेख 'थोरांचं ऐका' असा उपदेश होईल. आपल्या घरांत आणि चळवळीतही प्रश्न विचारणाऱ्या तरुणांना, विशेषतः मुलींना, 'कालची पोरं' म्हणून गप्प केलं जातं. लग्नाचा, नोकरीचा किंवा संघटनेच्या पैशांचा प्रश्न काढला की उत्तराऐवजी वय पुढे केलं जातं. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद फक्त तुमचे, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. त्या काळच्या थोरामोठ्यांच्या मापाने हा केवढा उद्धटपणा! आपण मात्र तो आपला वारसा मानतो. मग आपल्या घरातल्या मुक्ताचा प्रश्न उद्धट कसा ठरतो? विचाराला विचारलेला प्रश्न अनादर नसतो. प्रश्न विचारण्याची किंवा उत्तर देण्याची समोरच्याची लायकीच नाही असं ठरवणं, हा अनादर. तो वयाने मोठ्या माणसाकडूनही होतो आणि लहानाकडूनही.

आलमबागच्या व्हीआयपी रोडवर कांशीराम यांचं भव्य स्मारक आहे. त्याच्या नावाची सुरुवातच 'मान्यवर' या शब्दाने होते. तिथून जाताना मला पुणं आठवतं. १९६० च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत कांशीराम विज्ञानाचे पदवीधर अधिकारी होते. आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीची सुटी रद्द झाली तेव्हा उघड विरोध केला तो दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने. ते वयाने कांशीराम यांच्याहून मोठे, शिक्षणाने आणि हुद्द्याने खूप खाली. निलंबन झालं तरी ते मागे हटले नाहीत. त्या अधिकाऱ्याने त्यांना 'तुला कायदा कळत नाही' असं ऐकवलं नाही. तो त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्यांच्याकडून शिकला. पुढे १९७८ मध्ये बामसेफ उभी राहिली, तिची मुळं या ओळखीत आहेत.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना फोन केला. माफी कशी मागायची ते मला जमलं नाही. प्रबंध म्हणजे काय, मी कोणाशी बोलते, काय टिपून ठेवते, ते सांगत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग हमालांचं कोणी लिहून ठेवलंय का?'

माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. शोधून सांगते, म्हणाले. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, 'जेवलीस का?'