दिवा नको, वीज हवी



28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधील लेइसांग गावी वीज पोचली आणि देशातील प्रत्येक गावात वीज आली, असे सरकारने जाहीर केले. सरकारी व्याख्येत शंभरातली दहा घरे उजळली की गाव उजळले! उरलेल्या नव्वदांचे काय, हे त्या व्याख्येत बसत नाही.

दऱ्याडोंगरात तार नेणे महाग पडते. तेथे ऊन, वारा आणि ओढा यांची जोडवीज हाच उपाय. सातपुड्यातल्या माणसाला हे सांगायला इंजिनिअर नको. पावसाळ्यात आभाळ झाकोळते, पण ओढे दुथडी वाहतात. वैशाखात ओढा आटतो, पण ऊन रणरणते. एकाने मान टाकली की दुसऱ्याने औत ओढावे, तसेच हे.

आदिवासींना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी बिलगाव आठवावे. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावाने केरळच्या तरुण इंजिनिअरांना सोबत घेऊन, स्वतः श्रमदान करून, 2003 साली धबधब्यावर 15 किलोवॅटचे वीजघर उभारले. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते गिळले. गाव हरले नव्हते; गावाची वीज बुडवली गेली.

दुसरे उदाहरण बिहारमधील धरनईचे. 2014 साली तेथे 100 किलोवॅटची सौरवीज आली. पण तिच्यावर जड यंत्रे चालेनात. लोक म्हणाले, आम्हाला खरी वीज द्या. पाठोपाठ सरकारी तार आली, तिचा दर स्वस्त. सौरविजेच्या बॅटऱ्या संपल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत. यंत्रणा बंद पडली.

यातून शिकायचे ते एवढेच. फीत कापणारा निघून जातो, बॅटरीचा खर्च मागे राहतो. म्हणून योजना गावात आली की ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. यंत्राची मालकी कोणाची? बॅटरी बदलायचे पैसे कोठून येणार? पिठाची चक्की आणि पाण्याची मोटर चालणार का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोहोंनाही अर्थ नाही. चक्कीची कमाईच बॅटरीचा खर्च काढील. नुसत्या दिव्याच्या वर्गणीने तो निघत नाही.

2003 च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवान्याची अट ठेवलेली नाही. दार उघडे आहे. कोणी दिलेला दिवा घेऊन बसायचे, की आपल्या हिशोबाची वीज उभी करायची, हे आपण ठरवायचे.