खिशांतला पहिला चाकू

विळी, अडकित्ता, कात्री, सुरी हीं हत्यारें आपल्या प्रत्येकाच्या घरीं असतात. पण त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. विळी स्वयंपाकघरांत, अडकित्ता पानाच्या डब्यांत, कात्री शिवणाच्या पेटींत. तेथें तीं कोणाच्या डोळ्यांवर येत नाहींत. मात्र घरांतल्या एखाद्या मुलानें वा मुलीनें घडीचा चाकू घेऊन जवळ बाळगण्याची इच्छा दर्शविली, कीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. "आपल्या घराण्यांत हें कशाला?" असा पहिला प्रश्न येतो, आणि "बोट कापून घेशील!" हा दुसरा. खिशांतला चाकू म्हणजे गुंडगिरी, ही समजूत हिंदी चित्रपटांतल्या रामपुरी चाकूनें पुष्कळच दृढ केली आहे. या वेळीं आम्ही मुद्दाम हाच विषय घेतला आहे. तो वरवर क्षुल्लक दिसला, तरी घरांतल्या मुलामाणसांवर विश्वास किती टाकावा, आणि एका उपयुक्त साधनापायीं इजेच्या किंवा कायद्याच्या फेऱ्यांत कसें सांपडूं नये, हे दोन्ही प्रश्न त्यांत गुंतलेले आहेत.

आपल्या पणजोबांच्या पिढीस चाकूचें असें वावडें नव्हतें. बोरूचें टोंक करावयाचें तर चाकू हवाच. लिहित्या माणसाच्या बैठकींत दौत, बोरू आणि चाकू हीं एकत्रच नांदत. युरोपांतही पिसाची लेखणी तासण्यासाठीं जो लहान चाकू असे, त्याचेंच नांव पुढें खिशांतल्या लहान घडीच्या चाकूस मिळालें. म्हणजे हें साधन लेखकाच्या हातून आलेलें आहे, मारेकऱ्याच्या नव्हे. आज बोरू गेला, पण कामें गेलीं नाहींत. घरपोंच येणारीं पार्सलें उघडणें, सुतळी कापणें, प्रवासांत फळ चिरणें, पेन्सिलीस टोंक करणें, झाडाची वाळकी डहाळी छाटणें, हीं कामें नित्याचीं आहेत. आणि चाकू जवळ नसला कीं तीं आपण दांतांनीं, किल्लीनें किंवा स्वयंपाकघरांतल्या सुरीनें करूं पाहतों. त्यांत दांतही बिघडतात आणि सुरीही.

आतां निवडीकडे वळूं. नवशिका मनुष्य दुकानांत गेला कीं त्याची नजर सर्वांत मोठ्या, काळ्याकभिन्न आणि भीतिदायक पात्याकडे जाते. आमचें पहिलें सांगणें असें कीं, पातें लहान घ्यावें. अडीच ते तीन इंच, म्हणजे सुमारें ६ ते ७.५ सेंटिमीटर, लांबीचें पातें वर सांगितलेल्या प्रत्येक कामास पुरतें. पात्यापेक्षां मुठीकडे अधिक लक्ष द्यावें. चारही बोटें मुठीवर नीट बसलीं पाहिजेत; तळहातांत ती रुतूं नये आणि हात ओला असतांही निसटूं नये. चाकू जड असला तर चार दिवसांत तो खिशांतून कपाटांत जातो. ५० ते ८० ग्रॅम वजनाचा चाकू खिशांत आहे हें ध्यानांतही राहत नाहीं. पात्याची धार सरळ असावी. दांतेरी धार दोर झटकन कापते, हें खरें. पण तिला घरीं पुन्हां धार लावणें फार कठीण.

दुसरी गोष्ट पात्याच्या जाडीची. जाड पातें मजबूत दिसतें, पण सफरचंद चिरूं गेलें असतां तें कापीत नाहीं, फोडतें. कापण्याचें काम धारेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पातळ पात्याचें आहे. डबे उचकटणें आणि स्क्रू पिळणें हें चाकूचें काम नव्हे. त्यासाठीं पक्कड आणि पेचकस घरांत असतात. चाकूचीं बहुतेक टोंकें अशा भलत्या कामांतच मोडतात.

तिसरा प्रश्न पोलादाचा. साध्या कार्बन पोलादास धार लवकर चढते आणि सुरेख चढते. पण कैरी, लिंबू किंवा कोकम कापलें कीं आम्लानें तें काळवंडतें आणि पुसावयाचें राहिलें तर गंजतें. न गंजणाऱ्या पोलादांत साधारणतः साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असतें, आणि तें हवेंतल्या प्राणवायूशीं संयोग पावून पात्यावर एक अतिसूक्ष्म थर धरतें. तो थरच गंजापासून रक्षण करतो. कोंकणांत, मुंबईंत, गोव्यांत, जेथें हवेंत मीठ आणि ओल दोन्ही आहेत, तेथें पहिला चाकू न गंजणाऱ्या पोलादाचाच घ्यावा. त्यावरही डाग मुळींच पडत नाहीं असें नव्हे, पण हयगय तो अधिक सोसतो. कार्बन पोलादाची आवड असल्यास ती दुसऱ्या चाकूसाठीं राखून ठेवावी.

चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रश्न सांध्याचा. घडीचे चाकू मुख्यतः दोन जातींचे. पहिल्यांत पातें पाठीमागच्या कमानीच्या ताणावर उघडें राहतें आणि थोड्या जोरानें मिटतें. दुसऱ्यांत पातें उघडलें कीं खटका किंवा कडें त्यास पक्कें धरतें, आणि तें सोडविल्यावांचून पातें मिटत नाहीं. खटक्याचा चाकू निर्धास्त, असें पुष्कळांस वाटतें. कमानीच्या चाकूचें टोंक कशांत तरी खुपसलें तर पातें बोटांवर मिटूं शकतें, हें खरेंच. पण खटक्याच्या कांहीं जातींत पातें मिटवितांना अंगठा त्याच्या वाटेंतच ठेवावा लागतो, आणि नवशिक्यास तेथेंच जखम होते. शिवाय खटक्यावर भरंवसा ठेवून माणूस नको तेवढा जोर करूं लागतो. म्हणून प्रौढ नवशिक्यानें कमानीचा चाकू घ्यावा आणि कापावयास शिकावें, खुपसावयास नव्हे. बटण दाबतांच आपोआप उघडणाऱ्या चाकूच्या वाटेस मात्र कोणीं जाऊं नये.

उदाहरणादाखल दोन प्रसिद्ध चाकू घेऊं. स्वित्झर्लंडांत श्वीझ परगण्यांतल्या ईबाख गांवीं कार्ल एल्सनर यानें १८८४ सालीं कारखाना घातला, १८९१ सालीं स्विस सैन्यास पहिले चाकू पुरविले आणि १८९७ सालीं अधिक अवजारांचा, वजनानें हलका असा चाकू काढला. पुढें आईचें व्हिक्टोरिया हें नांव आणि न गंजणाऱ्या पोलादाची 'इनॉक्स' ही खूण एकत्र करून 'व्हिक्टोरिनॉक्स' हें नांव झालें. मिटलेल्या स्थितींत ९१ मिलिमीटर भरणारा त्यांचा मध्यम चाकू कमानीच्या जातीचा आहे. त्यांतल्या कांहीं प्रकारांना बाटलीचें बूच काढण्याचा मळसूत्री आंकडा असतो. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं त्याचा उपयोग शोधावाच लागेल! त्याऐवजीं चौफुलीचा पेचकस असलेला 'टिंकर' हा प्रकार मिळतो, तो अधिक कामाचा. दुसरा चाकू फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांतला 'ओपिनेल'. हा १८९० पासून प्रसिद्ध असून १९५५ सालीं त्यास पातें पक्कें धरणारें फिरतें कडें बसविण्यांत आलें. याचें पातें पातळ आणि कापण्यास उत्तम. पण मूठ लांकडाची असल्यामुळें आपल्या पावसाळ्यांत ती फुगते आणि पातें आवळून बसतें, हें लक्षांत ठेवावें.

या नांवांच्या नकलाही बाजारांत पुष्कळ येतात. म्हणून नांव कोणतेंही असो, दुकानांत एवढी परीक्षा करावी. पातें उघडून बाजूंनीं हळूच हलवून पाहावें. तें डुलतां कामा नये. मिटल्यावर तें मुठीच्या मधोमध बसावें, कडेस घासूं नये. उघडण्यासाठीं केलेल्या खांचेंत नख सहज अडकावें. ज्यांचीं बोटें संधिवातानें आखडलीं आहेत, त्यांनीं ही परीक्षा स्वतःच्या हातानें केल्यावांचून पैसे देऊं नयेत. कमान उघडतांना आणि मिटतांना दोन्ही वेळां ठाम लागावी. चकाकी आणि नक्षी यांवर भुलूं नये.

आतां मुलांविषयीं. चाकू कोणत्या वर्षीं द्यावा, हें वयावरून ठरत नाहीं. सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा न सांगतां जें मूल पाळतें, आणि वापरलेली वस्तु जागेवर ठेवतें, तें त्यास योग्य झालें असें समजावें. मुलांसाठीं दोन्ही वर सांगितलेल्या कारखान्यांचे गोल टोंकाचे चाकू मिळतात. गोल टोंकानें फळ चिरण्यास कांहींच अडत नाहीं, आणि खुपसण्याचा धोका मोठ्या प्रमाणांत टळतो. कडें असलेला चाकू दिल्यास तें फिरवावयास आधीं शिकवावें. मुलीनें मागितला तर तोच नियम तिलाही. एकाला चाकू आणि दुसरीला केवळ विळी, असा भेद आम्हांस पटत नाहीं.

पहिले कांहीं आठवडे चाकू वडिलांच्या किंवा आजोबांच्या देखत वापरावा. नियम थोडे पण न मोडणारे असावेत. कापतांना पातें अंगापासून दूर चालवावें. हात पसरून फिरविला असतां त्या वर्तुळांत दुसरें माणूस नसावें. चालतांना चाकू मिटलेला असावा, आणि दुसऱ्याच्या हातीं देतांनाही मिटूनच द्यावा. हातून निसटला तर झेलूं जाऊं नये, पडूं द्यावा. एकत्र कुटुंबांत आणखी एक नियम हवा: घरांत रांगतीं मुलें असतील तर चाकूची जागा उंचावर आणि ठरलेली असावी. आणि शाळेंत चाकू कोणत्याही कारणानें जातां कामा नये.

इतकेंही करून बोट कापलेंच, तर स्वच्छ फडक्यानें घट्ट दाबून धरावें आणि हात वर उचलावा. रक्त थांबल्यावर जखम वाहत्या पाण्यानें धुवावी. तींत हळद किंवा चहाची पूड भरूं नये. जखम खोल असेल, बोट वांकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, किंवा दहा मिनिटें दाबूनही रक्त थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जावें आणि धनुर्वाताच्या लशीची आठवण करून द्यावी. बोथट चाकू निर्धोक, असें पुष्कळ आयांना वाटतें. वस्तुतः बोथट पात्यास जोर अधिक द्यावा लागतो, आणि जोर दिलेलें पातें निसटलें कीं जखम खोल होते.

म्हणून धार लावणें हाही शिक्षणाचाच भाग. हजार नंबरचा पाण्याचा दगड घेऊन पातें त्यावर १५ ते २० अंशांच्या कोनांत धरावें, दोन्ही बाजूंना सारखें घासावें आणि कोन बदलूं देऊं नये. दगड नसल्यास चिनी मातीचा कप पालथा घालावा. त्याच्या बुडाची झिलई नसलेली खरखरीत कडा तेंच काम थोड्या प्रमाणांत करते. वर्तमानपत्राचा कागद न फाटतां कापला गेला, म्हणजे धार पुरेशी झाली. फळ कापल्यावर पातें धुवून कोरडें करावें. सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे, आणि पात्यावर आलेलें तेल पुसून टाकावें. जवसाचें किंवा करडईचें तेल घालूं नये. तें कालांतरानें चिकट होतें.

राहिली कायद्याची बाजू. वडील मंडळींची भीति येथें अगदींच निराधार नाहीं. आपल्या शस्त्रविषयक कायद्याखालील नियमांत धारदार शस्त्रांचा जो वर्ग केलेला आहे, त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठीं बनविलेले त्यांतून वगळलेले आहेत. तीन इंचांचा फळे कापण्याचा चाकू त्या मर्यादेच्या पुष्कळ आंत आहे. पण महाराष्ट्रांत १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें ठराविक मुदतीसाठीं शस्त्रें, काठ्या, सुऱ्या जवळ बाळगण्यास मनाई करणारे हुकूम निघूं शकतात. सभा, मिरवणूक, निवडणूक, गर्दीचा उत्सव अशा ठिकाणीं चाकू घरींच ठेवणें शहाणपणाचें. विमानांत तो जवळच्या पिशवींत चालत नाहीं. सामानांत देऊन टाकावयाच्या पेटींत ठेवावा. न्यायालयें, कचेऱ्या आणि मेट्रो येथील तपासणींतही तो अडविला जाण्याचा संभव असतो.

ज्यांचीं मुलें इंग्लंडांत शिकत आहेत त्यांनीं अधिक जपावें. तेथें १९८८ च्या कायद्यानें सार्वजनिक जागीं सबळ कारणावांचून जवळ बाळगतां येतो तो केवळ घडीचा, ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू. आणि ज्याचें पातें खटक्यानें पक्कें होतें तो न्यायालयांनीं या सवलतींत धरलेला नाहीं. म्हणजे येथून प्रेमानें भेट दिलेला कड्याचा चाकू तेथें मुलास गोत्यांत आणूं शकतो. कमानीचा चाकू घेण्यास हें आणखी एक कारण.

थोडक्यांत, आमची शिफारस अशी: प्रौढांस न गंजणाऱ्या पोलादाचा, तीन इंचांच्या आंतला, कमानीचा चाकू; मुलांस गोल टोंकाचा. घरांत याविषयीं मतभेद असेल तर चाकू चोरून घेऊं नये. तो वडील मंडळींसमोर आणावा, त्यांच्याच हातीं द्यावा आणि त्यानें एक पेरू चिरून सर्वांस फोडी वाटाव्यात. ज्या वस्तूनें आजीच्या हातावर फोड ठेवली, तिच्याविषयींची आढी फार दिवस टिकत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.