तुळशीच्या लग्नानंतरचे फोटो

तुळशीचे लग्न लागले की आपल्या खानदेशात लग्नघाई आणि कपाशीची वेचणी एकदमच येते. पिंप्राळ्याच्या बाजूला काही मंडळी मांडव थेट शेतात घालतात, म्हणून फोटोविषयी थोडे.

नोव्हेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मुहूर्त गोरज असला की अक्षता पडेपर्यंत उजेड गेलेला असतो आणि फ्लॅशने सारे चेहरे पांढरेफटक येतात. घरच्यांचे फोटो चार ते सव्वापाचात उरकावेत. भर दुपारी फेट्याखाली डोळेच दिसत नाहीत. तेव्हा निंबाची सावली बरी. लाल मांडवाखाली नवरी तांबडी दिसते, केळीच्या बागेत हिरवट. चेहऱ्यावर उजेड कसा घ्यावा हे पाहायचे तर चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) यांच्या घरी त्यांच्या फोटोंचे संग्रहालय आहे. जरूर जावे.

फुटलेल्या कपाशीत जोडपे उभे करण्याची हौस हल्ली फार! बांधावर उभे करा, मागे कपाशी येतेच. आत वऱ्हाड शिरले की कापसात पालापाचोळा मिसळतो आणि भाव कापला जातो. नुकतीच फवारणी झाली असेल तर मुलांना बांधापलीकडे जाऊच देऊ नका.

आणि मोठ्या मायचा एकटीचा फोटो सर्वांत आधी घ्या. ती चुलीपाशी अडकलेली असते, गर्दीत मागे राहते. पुढे भिंतीवर लावायला घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करतात, तो धड ओळखूही येत नाही. तिला सावलीत बाजेवर बसवा, पदर सारखा करू द्या.