पेडगाव : एका स्मृतीपलीकडे

मराठी दुर्गसाहित्याची दृष्टी प्रामुख्याने सह्याद्रीच्या गिरिदुर्गांवर स्थिरावली. मैदानी प्रदेशातील भुईकोट त्यामानाने उपेक्षित राहिले. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक आणि दौंडनजीक भीमेच्या पैलतीरी असलेला पेडगावचा बहादूरगड ही दोन स्थळे १६८९ मधील संभाजी महाराजांच्या शोकांतिकेने जोडली गेली आहेत. त्या घटनेचे स्मरण अगत्याचेच होय. परंतु लेखक आणि प्रवासी बहुधा तेथेच थांबतात. गडातील लक्ष्मीनारायणाचे यादवकालीन, शिल्पसमृद्ध मंदिर मोगल सुभेदार बहादूरखानाच्या कित्येक शतके आधीचे आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते. एकाच वास्तूत नांदणाऱ्या अनेक काळांपैकी एकालाच वाचा मिळाली, तर दुर्गवर्णन स्तोत्रापुरते उरते. अभ्यासकाने मंदिरासमोरही तितकाच वेळ थांबले पाहिजे.