पोळीचे कैवारी

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाची एक खोड आहे. घरातून भाषा हळूहळू निघून चालली तरी त्याचे त्याला फारसे वाईट वाटत नाही. मुलगा शाळेतून येऊन बहिणीशी हिंदीत भांडतो, ते तो कौतुकाने ऐकतो. परंतु ताटातला एखादा पदार्थ बदलला की त्याची संस्कृती तत्काळ धोक्यात येते. भिलाईत नुकताच याचा प्रत्यय आला.

येथील एका मंडळाच्या महिला शाखेने तरुणांसाठी चार रविवारांचा स्वयंपाकवर्ग योजिला होता. त्यांतील एका रविवारी, मेक्सिकोच्या उत्तर भागात गव्हाच्या पिठाची जी टॉर्टिया करतात ती आपल्याच पोळपाटावर व आपल्याच तव्यावर कशी करावी, हे एक वहिनी शिकविणार होत्या. वर्गास नावे दिलेल्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. कोणी कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेले, कोणी येथील आय.आय.टी.त शिकणारे, सारे घरापासून दूर एकेकट्याने राहणारे. कार्यकारिणीने तो रविवार गाळला, आणि त्याच्या जागी ‘पारंपरिक घडीची पोळी स्पर्धा (फक्त भगिनींसाठी)’ घातली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले म्हणतात, “आपल्या पोळीला काय झाले आहे?” त्यावर टाळ्या पडल्या आणि विषय संपला.

आमच्या मते विषय संपलेला नाही. तो आता कोठे सुरू झाला आहे.

प्रथम ‘आपल्या पोळी’विषयी. पोळी आपली आहे यात शंका नाही. पण ती आपली रोजची केव्हापासून झाली, हे या कैवारी मंडळींनी आपापल्या आजीस विचारले असते तर बरे झाले असते. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांचे रोजचे अन्न म्हणजे देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. गव्हाची पोळी ही सणावाराची, पाहुण्याची, फार तर खाऊनपिऊन सुखी अशा मोजक्या घरांची. ती घरोघर रोज लाटली जाऊ लागली ती स्वस्त गहू मुबलक मिळू लागला तेव्हापासून. आणि तो गहू मुबलक झाला कोठून? येथेच आमच्या ज्येष्ठ सभासदांची फारच अडचण होणार आहे, कारण तो मेक्सिकोतून झाला.

१९४४ साली नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोस गेले. तेथील सोनोरा राज्यात, याकी नदीच्या खोऱ्यात, त्यांनी बुटक्या ताटाचे गव्हाचे वाण सिद्ध केले. जुना उंच गहू जास्त खत दिले की आपल्याच ओंब्यांच्या भाराने लोळत असे. हा बुटका गहू उभा राहिला आणि दाण्याने भरला. त्यांतील एका वाणाचे नावच ‘सोनोरा ६४’. सलग दुष्काळाने देश टेकीस आला असता, सी. सुब्रह्मण्यम अन्नमंत्री असताना, १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन बियाणे आणविले. त्यात ‘लर्मा रोखो’ आणि ‘सोनोरा ६४’ हे वाण होते. पीक उत्तम आले, पण दाणा तांबडा निघाला, आणि आपल्या गृहिणींनी नाक मुरडले: तांबड्या गव्हाची पोळी काळसर दिसते. तेव्हा दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोरावर गॅमा किरणांचा प्रयोग करून पिवळसर दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ काढला. तो १९६७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. ‘कल्याण सोना’ आणि ‘सोनालिका’ हेही त्याच मेक्सिकन घराण्यातून निवडलेले. आणि ज्याला आपण वाण्याकडे ‘लोकवन’ म्हणून मागतो, ज्याच्या पोळ्यांची मराठी घरांतून इतकी वाखाणणी होते, तो ‘लोक-१’ सौराष्ट्रातील सणोसरा येथील लोकभारतीत तयार झाला खरा; पण त्याच्या जन्मदात्यांपैकी एक ही ‘सोनालिका’च. (सिहोरचा जो शरबती आपण येथे चढ्या भावाने घेतो तो बहुधा ‘सी-३०६’ हा उंच देशी वाण असतो, नावातील ‘शरबती’वरून त्याचा सोनोराशी संबंध जोडू नये. ज्यांना मेक्सिकोचा स्पर्शच नको असेल त्यांनी तोच घ्यावा, आणि भावाबद्दल कुरकुर करू नये.)

आता योगायोग असा की, गव्हाच्या टॉर्टियाचे माहेरही हेच सोनोरा. मेक्सिकोचा मूळ गडी मका. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, त्याची भाकरी तेथील लोक स्पॅनिश येण्यापूर्वी कित्येक शतके करीत. नाहुआ भाषेत तिचे नाव त्लाश्काल्ली. १५१९ मध्ये स्पॅनिश उतरले, त्यांनी तिला आपल्या भाषेतले ‘टॉर्टिया’, म्हणजे लहानशी चपटी वडी, हे नाव दिले, आणि सोबत गहूही आणला. उत्तरेच्या कोरड्या हवेत गहू चांगला रुजला. तेथील बायकांनी परक्या धान्याचे पीठ घेतले, परक्या प्राण्याची चरबी घेतली, आणि आपल्या मक्याच्या भाकरीची रीत त्यांना लावली. त्यातून जे निघाले ते आज सोनोराचा मानबिंदू आहे. तेथे कोणी ‘आपल्या मक्याच्या भाकरीला काय झाले आहे?’ असे विचारून टाळ्या घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट सोनोरात हाताच्या पंजापासून काखेपर्यंत ताणलेली, कापडासारखी पातळ अशी एक भली मोठी टॉर्टिया करतात. ती हातांवर झुलवून वाढवितात आणि पालथ्या घातलेल्या घुमटाकार तव्यावर टाकतात. हे वर्णन वाचून नागपूरच्या वाचकास काय आठवेल? लांब रोटी! तीच हातांवर झुलविण्याची कसरत, तोच पालथा घुमट. फक्त तेथे लोखंड आणि येथे मातीचा माठ. खानदेशातील खापरावरचे मांडे याच कुळातले. दुर्गहून नागपूर अवघे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. तेथली लांब रोटी ज्यांना परकी वाटत नाही त्यांना सोनोराची तिची बहीण परकी वाटावी, याला अंतर सोडल्यास दुसरे कारण दिसत नाही.

परदेशी म्हणून वर्ज्य, हे तत्त्वच एकदा पाळावयाचे ठरवू. मग एकादशीच्या ताटाकडे पाहावे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाण्याचा कंद आणि राजगिरा, या साऱ्यांचे मूळ अमेरिका खंडात आहे. राजगिरा तर मेक्सिकोच्या जुन्या लोकांचे पूजेचे धान्य. म्हणजे ज्या दिवशी आपण अत्यंत सोवळ्यात असतो त्या दिवशी आपण जवळजवळ संपूर्ण अमेरिकन जेवतो. आणि हे सांगावयाचे कोठे, तर भिलाईत! या गावाचा जन्मच मुळी २ फेब्रुवारी १९५५ च्या रशियाबरोबरील करारातून झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले तेव्हा ‘आपल्या लोहाराच्या भात्याला काय झाले आहे?’ असे कोणी विचारले नाही. लोखंड वितळविण्याची विद्या सातासमुद्रापलीकडून चालते. कणीक मळण्याची मात्र चालत नाही. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या काळात; बिंबाजी भोसले अठराव्या शतकात रतनपुरास राज्य करीत होते. तेव्हापासूनच्या जुन्या घरांत तांदळाचा चीला, फरा, निखाऱ्यावर पानांत भाजलेली अंगाकर रोटी आपली म्हणूनच खातात. त्यांचे मराठीपण कमी झाले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे काय?

दुसरा आक्षेप मैद्याचा. तो आम्हांस अर्धा मान्य आहे. रोज मैदा खाऊ नये हे खरे. परंतु हा आक्षेप ज्या बैठकीत निघाला त्या बैठकीत समोसे वाटले गेले होते, एवढे नमूद करून पुढे जातो. शिवाय वहिनी निम्मी कणीक घालून करणार होत्या. खरी तक्रार करावयाची तर ती बाजारातील पाकिटाविरुद्ध करावी. मोठ्या दुकानातून ‘रॅप’ म्हणून जे विकत मिळते त्याच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचावीत: टिकण्यासाठी एक द्रव्य, मऊ राहण्यासाठी दुसरे, एकमेकांस चिकटू नये म्हणून तिसरे. पीठ, स्निग्ध पदार्थ, मीठ आणि पाणी एवढ्यातच जे होते, त्याला इतकी औषधे लागतात ती महिनाभर गोदामात राहावयाचे म्हणून. मुलांना घरी करण्याची रीत न शिकविण्याचा परिणाम एवढाच की ती हे पाकीट घेतील. टॉर्टिया त्यांच्या ताटात आलेलीच आहे. प्रश्न ती कोणाच्या हातची असावी एवढाच होता, आणि कार्यकारिणीने त्याचे उत्तर कारखान्याच्या बाजूने दिले.

आता मुख्य गोष्ट. आम्ही एका केंद्रीय कचेरीत कारकून आहोत. आमच्या सौभाग्यवती रुग्णालयात परिचारिका असून त्यांची पहिली पाळी असते त्या आठवड्यात पहाटेच्या पोळ्या आम्ही लाटतो. हा पराक्रम म्हणून सांगत नाही. भिलाईत पाळ्यांच्या तीन घंटांवर चालणाऱ्या पुष्कळ घरांत हे मुकाट्याने चालते. मुकाट्याने, हा शब्द महत्त्वाचा. घडीची पोळी ही अशी वस्तू आहे की तिच्यावर बाईपणाचा शिक्का पिढ्यानुपिढ्या मारलेला आहे. वीस वर्षांच्या मुलास पोळी शिकावयास बोलवा, तो लाजतो, त्याचे मित्र हसतात, त्याची आई म्हणते, “तुला कशाला रे बाबा ते?” त्याच मुलास टॉर्टिया शिकावयास बोलवा, तो बाह्या सरसावून येतो. परक्या नावामुळे ते काम बायकी राहत नाही, कसब होते. हे हास्यास्पद आहे, आम्हांस ठाऊक आहे. पण लाटण्यावर एकदा हात बसला की पोळी आणि टॉर्टिया यांत उरते काय? टॉर्टियात स्निग्ध पदार्थ पिठात चोळतात, पोळीत तो घडीत ठेवतात. बाकी गोळा, लाटणे, तवा, फडके सारे एकच. तिसऱ्या रविवारी टॉर्टिया शिकलेला मुलगा चौथ्या रविवारी घडी घालावयास शिकला असता, आणि कोणाला पत्ताही लागला नसता. वहिनींचा तोच बेत होता.

कैवाऱ्यांनी तो दरवाजा बंद केला आणि वर पाटी लावली, ‘फक्त भगिनींसाठी’. पोळीचे हे कैवारी आयुष्यात कधी पोळपाटाजवळ बसले असतील असे वाटत नाही. ज्या पोळीसाठी त्यांचा गळा भरून येतो ती दुसऱ्या कोणीतरी, बहुधा दिवसभराची नोकरी उरकून आलेल्या कोणीतरी, उभ्याने लाटलेली असते. परंपरेवर प्रेम करावे आणि तिचा भार दुसऱ्याने वाहावा, ही वाटणी सोयीची खरी. पण उद्या ती दुसरी व्यक्ती नाही म्हणाली तर परंपरा टिकणार कशी, याचा विचार ठरावात कोठेच नाही. आमची मागणी साधी आहे. स्पर्धा अवश्य घ्यावी, बक्षिसेही द्यावीत. ठरावातील कंस तेवढा काढून टाकावा, आणि गाळलेला रविवार परत द्यावा.

राहता राहिला चरबीचा प्रश्न, जो बैठकीत दबक्या आवाजात निघाला होता. सोनोरात डुकराची चरबी घालतात हे खरे. ती येथे कोणी घालणार नव्हते. पाव किलो पिठाला चार मोठे चमचे तूप किंवा तेल बोटांनी चोळून घेतले की तेच साधते. पिठाचा चिवटपणा मोडतो आणि टॉर्टिया गार झाल्यावरही वातड होत नाही. एक लहान चमचा मीठ. पाणी कडकडीत नव्हे, पण हाताला चांगले चटकेल इतके गरम, साधारण अर्धा पेला; निम्मी कणीक असेल तर थोडे जास्त, कारण कोंडा पाणी पितो. मळून झाकून अर्धा तास ठेवावे. मुलगे घाई करतात ती येथेच. आणि मग लाटलेली टॉर्टिया रबरासारखी आक्रसली की पिठाला दोष देतात. आठ-दहा गोळे करून, पीठ अगदी कमी लावून, वीतभर लाटावी. कोरड्या, खूप तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकावी. फोड आले की उलटावी. एका बाजूस अर्धे मिनिट पुरे, दाबू नये. फडक्यात गुंडाळून ठेवावी. आत वांग्याचे भरीत घालून पाहावे. फार छान लागते.