रोजच्या तांब्याचा जाच

तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायची सवय मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची. तुळस उन्हात, वाऱ्यावर असते. तिला ते पचतं. तोच तांब्या दिवाणखान्यातल्या स्नेक प्लांटवर रोज रिकामा होऊ लागला, की काही आठवड्यांत पानं बुडाशी मऊ पडतात आणि ओढली तर हातात येतात. मग दोष कुणाचा? ‘हाताला गुण नाही’ म्हणून घरातल्या बाईचा!

खरं कारण मातीत असतं. मुळांनाही श्वास लागतो. सतत चिखल झालेल्या मातीत हवा उरत नाही, मुळं कुजतात, पाणी वर चढेनासं होतं आणि झाड मलूल दिसतं. ते तहानलेलं समजून त्याला आणखी पाणी पाजलं जातं. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं स्नेक प्लांट जाड पानांत पाणी साठवून ठेवतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमटपणात त्याला पंधरा दिवस विसरलेलं बरं. दोन पेरं बोट खुपसून पाहावं, माती कोरडी लागली तरच पाणी.

आणि स्नेक प्लांटसारख्या झाडांची ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ ही जाहिरात? तिचा उगम नासाच्या १९८९च्या अहवालात आहे, पण ते प्रयोग बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. वन बीएचकेतल्या माणसांनी मग जिन्यात झोपायचं का?