घरचा कारखाना: बचावाच्या बॅटीचा फोरहँड

मंडळी, यंदा आपल्या कारखान्यात आली आहे टेबल टेनिसची बॅट. लेस्टरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी मी चौदा वर्षं खेळतोय, आणि तेही बचावाचं: टेबलापासून आठ-दहा फूट मागे उभं राहून बॅकहँडनं चॉप करत राहायचं, समोरचा कंटाळून चुकेपर्यंत. साठीला आलेला गुडघा आता म्हणतो, ही धावाधाव पुरे. तेव्हा चेंडू जरा उंच आला की फोरहँडनं पॉइंट संपवायलाच हवा. 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक असा खेळत अंतिम फेरीपर्यंत गेला होता. (त्याचे गुडघे वेगळे!)

अडचण बॅटीची. बचावाचं ब्लेड मुद्दाम मऊ, लवचीक आणि मोठ्या तोंडाचं असतं. समोरच्याचा जोर ते पिऊन टाकतं. आपण फटका मारला तर तोही पितं. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, नवी बॅट घे की!" पण चॉपचा हात याच लाकडावर बसलाय. तोच गेला तर माझ्या खेळात उरलं काय?

आधी स्वस्तातला उपाय केला. फोरहँडच्या रबराचा स्पंज 1.5 मिमीचा होता, तिथे 1.9 चं रबर लावलं. निम्मं काम इथेच झालं.

मग पापुद्रा. क्लबातल्या एका निवृत्त सुतारानं लिंबाच्या लाकडाचा 0.6 मिमीचा पापुद्रा दिला. (हा लिंबा आफ्रिकेतला, आपला कडुलिंब नव्हे.) 5.4 मिमीच्या ब्लेडला फोरहँडच्या बाजूनं तो चिकटवला की जाडी 6 होते. वाढ किरकोळ दिसते, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबानं वाढतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्तच. शिवाय ब्लेड वाकतं ते अख्खं. फोरहँडला ताठ हो आणि बॅकहँडला मऊ राहा, असं त्याला सांगता येत नाही. म्हणून क्लबातल्या एका टाकाऊ ब्लेडवर आधी करून पाहिलं. फोरहँड खणखणीत झाला, पण चॉप टेबलाच्या वीतभर बाहेर! लांब दाण्यांच्या रबराखालचा स्पंज काढला असता तर थोडं जमलं असतं. पण मग हात नव्यानं बसवणं आलं.

तेव्हा माझ्या ब्लेडला फक्त कानस लावली. तोंड 165 बाय 155 मिमी होतं, ते 157 बाय 150 केलं. रबरं काढून लहान बॅटीची कड पेन्सिलीनं आखायची. कानस दोन्ही बाजूंनी आतल्या दिशेलाच चालवायची, नाहीतर वरचा थर उचकटतो. मग पॉलिश पेपर आणि व्हार्निशचा एकच पातळ हात. वजन 88 ग्रॅमवरून 83 वर आलं. लाकूड होतं तसंच आहे, पण टोक हलकं झाल्यामुळे हात झपकन फिरतो. कडेला लागलेले चॉप मात्र आता फुकट जातात. आठवड्यातून चार-पाच पॉइंट तरी.

नियमाची काळजी नको. ब्लेड कुठल्याही आकाराचं चालतं. सपाट, ताठ आणि जाडीत किमान 85 टक्के नैसर्गिक लाकूड असलं की झालं. रबराला मात्र तेल वगैरे काही लावायचं नाही, ते नियमात बसत नाही.

पापुद्र्याचा उरलेला तुकडा माझ्याकडे आहे. हवा असल्यास मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मागून घ्या, पण चॉप न करणाऱ्यांनीच.